पाठीवरच्या पंपाचा हिशेब

आज १ जुलै. वसंतराव नाईक यांची जयंती, म्हणजेच कृषी दिन. जिल्हा परिषदांच्या सभागृहांत तसबिरीला हार पडेल, प्रगतिशील शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळेल, वृक्षारोपणाचे फोटो दुपारपर्यंत सगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरतील. अलीकडे या कार्यक्रमाला एक जोड मिळाली आहे. मांडवाच्या कडेला सेंद्रिय गूळ, हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचे तेल असा एखादा स्टॉल असतो. पाहुणे तिथे थांबतात, गुळाची ढेप हातात घेऊन भाव विचारतात आणि बहुतेक वेळा ती परत ठेवून पुढे जातात. हायब्रीड ज्वारीचा आणि रासायनिक खताचा हिरिरीने प्रसार करणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या जयंतीला सेंद्रिय मालाचा स्टॉल, यात कुणाला विसंगती दिसली तर नवल नाही.

आम्हाला ती तशी वाटत नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १९१३ साली जन्मलेले नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते आणि त्या काळचा महाराष्ट्र पोटभर जेवणारा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी परदेशी मिलोची भाकरी खाल्ली, दुष्काळी कामावर सुकडीसाठी हात पुढे केला, त्यांच्यापुढे 'हायब्रीडला चव नाही' ही तक्रार करून पाहावी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ एवढ्या थोड्या काळात उभी राहिली, ती त्याच निकडीतून. दाणा किती पिकतो, एवढाच तेव्हाचा सवाल होता. युरियाची गोणी आणि सुधारित बियाणे हे त्याचे उत्तर होते. पुढची पन्नास वर्षे आपण तेच उत्तर गिरवत राहिलो, याचा दोष नाईकांच्या तसबिरीला देता येणार नाही.

आता सवाल बदलला आहे. निदान शहरातल्या स्वयंपाकघरात तरी. सेंद्रियकडे वळणारी घरे पाहिली तर हे वळण बहुधा दोन प्रसंगी येते. घरात तान्हे मूल आले म्हणजे, नाही तर जवळच्या कुणाच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला म्हणजे. मग आधी तूरडाळ बदलते, मग गूळ, मग दूध काचेच्या बाटलीतून येऊ लागते. दोन-तीन महिने उत्साहात जातात. पुढे कधी तरी किराण्याचे बिल दीडपटीवर गेलेले ध्यानात येते, आणि जन्मभर मंडईतली भाजी खाऊन ऐंशी गाठलेले घरातले वडीलधारे विचारतात, "पण याने नेमके होते काय?" प्रश्न रास्त आहे. 'तब्येतीपुढे पैशाचे काय घेऊन बसलात' असे म्हणून तो उडवून लावता येत नाही. पैशाचे आहेच, आणि तब्येतीचेही वाटते तितके सरळ नाही.

पोषणाचा मुद्दा आधी निकालात काढू. सेंद्रिय पालकात लोह जास्त, सेंद्रिय टोमॅटोत जीवनसत्त्वे जास्त, असे दुकानदार ठणकावून सांगतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांची अशीच छाननी झाली. तीत सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळले. या फरकाने खाणाऱ्याच्या प्रकृतीत काय बदल होतो, हे मात्र त्यातूनही ठरत नाही. कॅन्सरचेही तसेच. सुमारे ६९ हजार फ्रेंच माणसांच्या २०१८ च्या पाहणीत, सेंद्रिय सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये कॅन्सरचे प्रमाण एक चतुर्थांशाने कमी निघाले आणि जगभर मथळे झाले. त्याआधी, २०१४ मध्ये, ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत एकूण कॅन्सरमध्ये असा फरक दिसला नव्हता. त्याचे मथळे कुणाला आठवत नाहीत. शिवाय जो सेंद्रिय विकत घेतो तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, सकाळी चालायला जातो आणि बऱ्यापैकी कमावतो. मग गुण भाजीचा म्हणायचा की बँक खात्याचा?

एका गोष्टीचा पुरावा मात्र पक्का आहे. सेंद्रिय खाल्ले की पोटात जाणारी कीडनाशके कमी होतात. अमेरिकेत सिएटलजवळच्या २३ शाळकरी मुलांना काही दिवस सेंद्रिय अन्न देऊन त्यांची लघवी रोज तपासली गेली. मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन कीडनाशकांच्या खुणा पाहता पाहता नाहीशा झाल्या, आणि नेहमीचे जेवण सुरू होताच परत आल्या. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही नावे आपल्याकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर वाचायला मिळतील. त्या अंशांनी मुलांना अपाय होत होता का, हा वेगळा प्रश्न. पण तान्ह्या मुलाच्या आईला त्याच्या उत्तरासाठी थांबायचे नसेल तर तिला वेड्यात काढण्याचे कारण नाही.

तरीही 'आपण रोज विष खातो' हे वाक्य जितक्या सहज उच्चारले जाते तितकी परिस्थिती भीषण नाही. केंद्र सरकार देशभरच्या बाजारांतून आणि शेतांवरून नमुने घेऊन त्यांतले अंश तपासते. २०१४-१५ मध्ये अशा २०,६१८ नमुन्यांपैकी १८.७ टक्क्यांत कीडनाशकांचे अंश सापडले. ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेलेले नमुने २.६ टक्के होते. ते असायलाच नकोत हे खरे. पण दर चाळीस जुड्यांत एखादी मर्यादेबाहेर असणे आणि सगळी मंडई विषारी असणे यांत फरक आहे. भीतीवर चालणारा धंदा तो फरक सांगणार नाही.

आणि खाणाऱ्याला वाचवण्यासाठी सेंद्रियच हवे असेही नाही. हे नाशिकच्या द्राक्षांनी दाखवून दिले आहे. २०१० मध्ये महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. हे वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे संजीवक. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, बागायतदार रडकुंडीला आले. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांवरची नजर कडक झाली. प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी त्या प्लॉटमधून नमुना उचलला जातो, प्रयोगशाळेत कीडनाशकांची लांबलचक यादी लावून तो तपासला जातो आणि अहवाल नीट आला तरच खोकी भरली जातात. या सगळ्या व्यवस्थेवर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख असते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत याचे गणित निर्यातदार बागायतदाराला आता तोंडपाठ असते. थोडक्यात, रासायनिक शेतीतूनही स्वच्छ फळ निघते, तपासणारा हवा. लंडनच्या गिऱ्हाईकासाठी तो आहे. दादर आणि लक्ष्मी रोडच्या गिऱ्हाईकासाठी अशी प्लॉटवार तपासणी नाही. पुष्कळदा दोन्ही ठिकाणची द्राक्षे एकाच तालुक्यातली असतात. सेंद्रियच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच निघतो. वास्तविक सव्वा-दीड कोटी मुंबईकरांना सेंद्रिय द्राक्षे पुरवण्यापेक्षा त्यांच्या द्राक्षांची निर्यातीसारखी तपासणी करणे कितीतरी सोपे, आणि ते सरकारचे कामही आहे.

मग सेंद्रियचे प्रयोजन उरते कुठे? आमच्या मते ते सुरू होते ते ताटापासून दूर, जिथे फवारणी चालते तिथे.

द्राक्षाचा घड लंडनला स्वच्छ पोहोचला, कारण शेवटच्या फवाऱ्यानंतर मधे पुरेसे दिवस गेले आणि औषधाचे अंश विरून गेले. पण औषध मारणाऱ्याला असे दिवस मिळत नाहीत. तो फवाऱ्यातच उभा असतो. त्याचे काय होते, हे महाराष्ट्राने २०१७ च्या पावसाळ्यात नाईकांच्याच यवतमाळ जिल्ह्यात पाहिले. बीटी कापसाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी वाढली होती, कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर गेली होती, हवेत उकाडा आणि दमटपणा होता. एरवी कमरेखाली पडणारी फवारणी त्या वर्षी खांद्यावर आणि डोक्यावर करावी लागली. ऑगस्टपासून शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यांत येऊ लागले. कुणाला उलट्या, कुणाची नजर अंधुक, कुणाला धाप. त्यांतले शेकडो ज्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले त्याचे नावही वसंतराव नाईकांचेच. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. बातम्या आल्या, विशेष तपास पथक नेमले गेले, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, हातमोजे आणि मास्कची किटे वाटली गेली.

ही किटे का वापरली जात नाहीत, हे विचारणाऱ्याने सप्टेंबरातल्या एखाद्या दुपारी कपाशीच्या तासात जाऊन उभे राहावे. पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर. बॅटरीचा किंवा पेट्रोलचा असेल तर तुषार अधिक बारीक आणि हवेवर अधिक तरंगणारा. बांधावर प्लास्टिकची टाकी, तिच्यात अळीचे, मावा-तुडतुड्यांचे आणि जोडीला एखादे टॉनिक अशी दोन-तीन औषधे एकत्र. माप टोपणाचे, ढवळायला काठी, काठी नसली तर हात. डब्यावर विषाची पातळी सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. सूचनांची घडी घातलेली चिठ्ठी अनेक भाषांत असते आणि अक्षर इतके बारीक की डोळे शाबूत असलेल्यालाही लागू नये. अंगातला शर्ट पाठीवर गळणाऱ्या पंपाने ओला, पुढून घामाने ओला. त्यावर रबरी हातमोजे आणि नाकावर मास्क चढवून माणूस अर्ध्या तासात घुसमटतो. त्यातून बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर ठरते. जितके पंप मारले तितके पैसे. तेव्हा तो थांबत नाही. तंबाखूची चिमूटही त्याच हाताने लावतो.

सेंद्रिय माल परवडतो का, या प्रश्नात हा माणूस धरला की आकडेमोड बदलते. तूरडाळीच्या किलोमागे जो जास्तीचा पैसा जातो, त्याबदल्यात आपल्या तब्येतीला काय लाभले याचा पुरावा तोकडा आहे. त्याच्या पोटात, कातडीत आणि डोळ्यांत काय कमी गेले, यावर वाद घालायला जागाच नाही. मंडईतल्या स्वस्त वांग्याची किंमत त्याने थोडी आधीच भरलेली असते. वांगे, भेंडी, मिरची, फ्लॉवर, द्राक्ष, डाळिंब आणि कापूस ही सगळ्यांत जास्त फवारली जाणारी पिके. यांतला कापूस आपण खातही नाही. म्हणजे ताटाच्या भीतीने सेंद्रियकडे वळलेले गिऱ्हाईक ज्या पिकात माणसे मेली त्याच्या जवळपासही फिरकत नाही. देशात सेंद्रिय कापूस पिकतो, पण मराठी मध्यमवर्गात सेंद्रिय सदऱ्याची चौकशी करणारा अजून विरळाच.

इथे सेंद्रियवाल्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. तणनाशक बंद केले, छान झाले. तण मग कोण काढते? बाया. ओणव्याने, खुरपे घेऊन, चिखलात, पुरुषापेक्षा कमी रोजावर. तणनाशक खेड्यापाड्यांत इतक्या वेगाने पसरले त्यामागे निंदणाला माणूस मिळत नाही हे कारण होते, आणि माणूस मिळत नाही याला रोज परवडत नाही हे. सेंद्रिय मालाच्या चढ्या भावातला वाटा या बायांच्या रोजापर्यंत पोहोचत नसेल, तर एकाची पाठ मोकळी करून दुसरीची वाकवली एवढेच होईल. प्रमाणपत्र देणारा खताचे बिल मागतो. निंदणाचा रोज त्याच्या नजरेत तेवढा भरत नाही.

दुसरा प्रश्न शेणाचा, आणि तो नुसत्या सदिच्छेने सुटणारा नाही. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा मोठा भार सरकार उचलते. तिच्यात ४६ टक्क्यांप्रमाणे साधारण पावणेएकवीस किलो नत्र असते. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे त्या एका गोणीइतके नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टनांहून अधिक खत लागेल. ते आणायचे कुठून? मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. ज्वारी दाण्याबरोबर कडबा देत होती, कडब्यावर जनावरे जगत होती, जनावरांचे शेण उन्हाळ्यात रानात पसरत होते. सोयाबीनच्या कुटारावर गोठा चालत नाही. कडबा गेला, बैलांचे काम ट्रॅक्टरने घेतले, दावणी रिकाम्या झाल्या, आणि मग शेतकऱ्याला 'शेणखत वापरा' असे सांगणारी पत्रके छापली गेली.

अर्थात शेणखताची तुलना नुसत्या नत्रावर करणे अपुरे आहे, हे शेतीची जाण असलेले वाचक आम्हाला लगेच ऐकवतील. मातीतला सेंद्रिय कर्ब हा त्यांचा मुद्दा, आणि तो बिनतोड आहे. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेली जमीन पाणी धरत नाही, टाकलेला युरियाही तिला नीट लागू पडत नाही. हे नवे ज्ञान नाही. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरात होता. शेतातला काडीकचरा, शेण आणि मूत्रमाती यांच्या थरांतून कंपोस्ट करण्याची पद्धत त्याने तिथे बसवली आणि 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. पश्चिमेतल्या सेंद्रिय चळवळीचा हा एक मूळपुरुष मानला जातो. त्याने इथल्या कुणब्यांकडे पाहून शिकल्याचे कबूल केले होते. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर तर कंपोस्टही नको म्हणतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून दोन दिवस सावलीत मुरवलेले जीवामृत एकराला पुरते, एका देशी गाईवर तीस एकर निभतात, असा त्यांचा दावा. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. यवतमाळ जिल्ह्यातच नैसर्गिक शेती करणारे सुभाष शर्मा २०२५ मध्ये त्याच सन्मानाचे मानकरी ठरले. फवारणीने माणसे गेली त्याच जिल्ह्यात तिच्यावाचून पिकवणारा माणूसही आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाळेकरांचा तीस एकरांचा हिशेब सगळ्या जमिनींवर जुळतो असे मानायला शास्त्रज्ञ तयार नाहीत, आणि आमचाही त्यावर पूर्ण भरवसा नाही. पण शेणाच्या टनावारी हिशेबातून वाट काढू पाहणारा हा एक प्रयत्न आहे, एवढे खरे.

घाईने काय होते ते श्रीलंकेने दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. परकीय चलन वाचवायचे होते आणि वर पर्यावरणाचे पुण्यही हवे होते. भाताचे पीक घसरले, चहाचे घसरले, शेतकरी रस्त्यावर आले आणि नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. सिक्कीम २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले, त्याआधी बारा-तेरा वर्षांची तयारी होती, आणि शेती जेमतेम ७५ हजार हेक्टर. धान्याचा मोठा भाग सिक्कीम आजही बाहेरून आणते, याचा उल्लेख भाषणांत होत नाही.

राहिला भरवशाचा प्रश्न. पाकिटावर 'जैविक भारत'चे चिन्ह असेल तर मालामागे दोन सरकारमान्य यंत्रणांपैकी एकीचे प्रमाणपत्र असायला हवे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१७ चा नियम आहे. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला आणि थेट गिऱ्हाईकाला विकणारा छोटा शेतकरी यातून सुटतो, मात्र त्याला ते चिन्ह लावता येत नाही. म्हणजे चिन्ह नसलेला प्रत्येक माल खोटा असे नाही, आणि चिन्ह असलेला प्रत्येक खरा असेही छातीठोक सांगवत नाही. निर्यातीसाठीच्या आपल्या प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता अमेरिकेने २०२१ मध्ये काढून घेतली, ती उगाच नव्हे.

गिऱ्हाईकही काही कमी नाही. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढायची, ही जुनी रीत. पण सौद्यात भाव मिळतो रंगावर. पिवळाधमक गूळ वर, काळपट खाली. म्हणून रसात हायड्रोस पावडर पडू लागली आणि गूळ सोन्यासारखा दिसू लागला. ती पावडर कुणी मागितली? गुऱ्हाळवाल्याने नाही, पुण्या-मुंबईच्या आणि गुजरातच्या गिऱ्हाईकाच्या डोळ्याने. आता त्याच गिऱ्हाईकाला कुणी तरी सांगितले की काळा गूळ म्हणजे सेंद्रिय. झाले, बाजारात काळा गूळ हजर. उसाला युरिया आणि तणनाशक पूर्वीइतकेच. फक्त पावडरीचा खर्च वाचला आणि भाव वाढला.

इतके सगळे झाल्यावर वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला काय सांगायचे? वळण्यात अर्थ आहे, पण सरसकट वळण्यात नाही. कोरडवाहू रब्बी ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, कुळीथ यांवर फवारा क्वचितच पडतो. मंगळवेढ्याची मालदांडी जमिनीतल्या ओलीवर येते. अशा धान्याला सेंद्रियचे लेबल लावून जो दुप्पट भाव घेतो त्याला खुशाल नाही म्हणावे. तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो आहे. याच महिन्यात टाकळा, कुर्डू, कंटोळी या रानभाज्या बाजारात येतील, त्या कुणी पेरत नाही आणि कुणी फवारत नाही. जास्तीचे पैसे खर्चायचेच तर ते मिरची, वांगी, भेंडी, द्राक्षे, डाळिंबे आणि तूर अशा मालावर खर्चावेत, जिथे एक फवारणी खरोखर कुणाच्या तरी अंगावरून कमी होते. आणि शक्य असेल तर कापडावर.

आणखी एक करता येईल. रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत कठीण असतात. उतारा घटलेला असतो आणि प्रमाणपत्र मिळालेले नसते, म्हणून सेंद्रियचा भावही मिळत नाही. बरेचजण याच काळात हात टेकतात. पाच-दहा शेजारी शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करायची, या पीजीएस पद्धतीत अशा मधल्या काळातल्या मालासाठी 'पीजीएस-इंडिया ग्रीन' असे वेगळे चिन्ह आहे. दुकानात ते फारसे दिसत नाही, कारण ते कुणी मागत नाही. पूर्ण सेंद्रिय झालेल्याला गिऱ्हाईक आहे. वाटेवर असलेल्याला नाही. एखाद्या सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून अशा गटाची वर्षाची तूर ठरवून घेतली तर किलोमागे फार फरक पडणार नाही. पण पैशाचा काही भाग आत्ता, पेरणीला द्यावा लागेल. कारण पेरणीचा पैसा नसतो म्हणून शेतकरी बियाणे आणि खत कृषी सेवा केंद्रातून उधार आणतो. ज्याची उधारी त्याचाच सल्ला, आणि शेंगेवर अळी दिसली की त्याच दुकानातून, त्याच वहीवर, औषधाचा डबा येतो. तूर जून-जुलैत पडते आणि डिसेंबर-जानेवारीत निघते. यंदाच्या वहीवर पहिली नोंद याच आठवड्यात होईल.